‘फोर’ ही परवानगी की सक्ती? स्वीडिशमधलं ‘फो’ हे क्रियापद

प्रश्न असा आहे. पुण्याहून कामासाठी स्टॉकहोमला आलेल्या एकांना त्यांच्या वरिष्ठांनी सांगितलं, ‘दू फोर योब्बा हेमिफ्रोन इ मोरोन.’ शब्दकोशात ‘फो’ या क्रियापदासमोर ‘मिळणे’, ‘परवानगी असणे’ आणि ‘भाग पडणे’ असे तिन्ही अर्थ दिलेले. मग उद्या घरून काम करायची मुभा मिळाली, की उद्या कार्यालयात येऊ नका असं बजावलं? आणि एका क्रियापदाला असे उलटसुलट अर्थ असतील, तर ते वापरायचं तरी कसं?

मी बरीच वर्षं स्वीडनमध्ये प्रौढांना स्वीडिश शिकवते, अधूनमधून दुभाषी म्हणूनही काम करते. या क्रियापदापाशी जवळजवळ प्रत्येक जण अडतो. पण मराठी माणसानं तिथे फार वेळ अडून राहायचं कारण नाही, कारण ते समजून घ्यायला लागणारं बरंचसं सामान आपल्या भाषेत आधीपासून आहे. अडचण होते ती आपण इंग्रजीमार्गे स्वीडिशकडे जातो म्हणून.

थोडक्यात सांगायचं तर ‘फो’ म्हणजे ‘वाट्याला येणे’. निर्णय कर्त्याच्या हातात नाही, बाहेरून काहीतरी त्याच्याकडे येतं. वस्तू आली तर ती मिळाली, मोकळीक आली तर परवानगी, काम आलं तर ते करणं भाग. शब्दकोशातले तीन अर्थ तुम्ही तीन वेगळे शब्द म्हणून पाठ करू लागलात की गोंधळ होतो. स्वीडिश माणसाच्या डोक्यात तो एकच शब्द असतो.

आधी रूपं. मूळ रूप ‘फो’, वर्तमानकाळ ‘फोर’, भूतकाळ ‘फिक’, आणि ‘हार’ किंवा ‘हादे’ (इंग्रजी ‘हॅव’, ‘हॅड’सारखी सहायक क्रियापदं) यांच्यानंतर येणारं ‘फॉत’. लिहिताना यातला ‘ओ’ म्हणजे रोमन ‘ए’च्या डोक्यावर बारीक वर्तुळ असलेलं अक्षर. पुरुष, लिंग, वचन कशानेही रूप बदलत नाही: या (मी) फोर, दू (तू) फोर, वी (आम्ही) फोर. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लेखी भाषेत अनेकवचनाची वेगळी रूपं चालत. जुन्या पुस्तकात ‘वी फिंगू’ असं दिसलं तर ते आजचं ‘वी फिक’ समजा. ‘काल’, ‘गेल्या आठवड्यात’ असा ठरावीक काळ सांगितला असेल तर ‘फिक’ वापरायचं. नुसतं पोचलं की नाही एवढंच विचारायचं असेल तर ‘फॉत’. म्हणून सहकारी विचारतो, ‘हार दू फॉत मेय्लेत?’, मेल मिळाली का? आणि तुम्ही म्हणता, ‘या, या फिक देत इ गोर’, हो, काल मिळाली (यातलं पहिलं ‘या’ म्हणजे हो, दुसरं म्हणजे मी).

उच्चाराचा एक भाग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण पुस्तकं तो घाईत उरकतात. मध्य स्वीडनमधल्या बोलीत शब्दाच्या शेवटी ‘र’ असेल आणि पुढचा शब्द द, त, न किंवा स यांनी सुरू होत असेल, तर दोन्ही आवाज मिळून एक मूर्धन्य आवाज तयार होतो. म्हणजे ‘फोर दू’ हे ऐकताना ‘फोडू’ होतं, ‘फोर नी’ चं ‘फोणी’, आणि ‘वी फोर से’ (बघू या काय होतंय ते) चं ‘वी फोषे’. नवा माणूस ‘फोडू’ ऐकतो आणि हे कुठलं क्रियापद म्हणून शब्दकोश चाळत बसतो. युरोपातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे ड, ण, ट, ष कष्टानं कमवावे लागतात. आपल्या जिभेवर ते लहानपणापासून आहेत. मूल या अर्थाचा स्वीडिश शब्द लिहिताना ‘बार्न’ असा दिसतो, पण म्हणताना तो सरळ आपला ‘बाण’ आहे. दक्षिणेला स्कोने भागात, माल्मोच्या आसपास, ‘र’ घशातून काढतात, त्यामुळे तिथे हे जोडकाम होत नाही. तिकडच्या माणसाचं बोलणं वेगळं वाटलं तर आपलं काही चुकतंय असं समजू नका.

आता वाक्यरचना. ‘फो’च्या पुढे काय येतं ते बघायचं; अर्थाचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

पुढे नुसतं नाम असेल तर काहीतरी वाट्याला आलं. या फिक एत ब्रेव, मला पत्र आलं. या फिक फेबेर, मला ताप आला. वी फिक बाण इ माय, मे महिन्यात आम्हाला मूल झालं. या फिक आव्स्लाग, माझा अर्ज नामंजूर झाला. मराठीत आपण ‘येणे’ आणि ‘होणे’ अशी दोन क्रियापदं वापरली, स्वीडिशनं एकच. बहुतेक मराठी वाक्यांत ‘मला’ किंवा ‘आम्हाला’ आहे, आणि शेवटच्या वाक्यातही ‘मला नकार मिळाला’ असं सहज म्हणता येतं. ज्याच्या बाबतीत घटना घडते त्याला आपण ‘ला’ लावून ठेवतो आणि घटनेला मानाच्या जागी बसवतो. स्वीडिश भाषा त्याच माणसाला कर्त्याच्या जागी बसवते, पण क्रियापद असं निवडते की तो करणारा नसून घेणारा आहे हे स्पष्ट राहावं. म्हणून माझ्या वर्गातल्या मराठी विद्यार्थ्यांना मी सांगते: तोंडात ‘मला’ आलं आणि पुढे काहीतरी घडल्याचं सांगायचं असेल, तर आधी ‘या फिक’ बसतं का ते बघा. पुष्कळदा बसतं.

पण नेहमी नाही, आणि मर्यादा कुठे आहे तेही नीट कळायला हवं. ‘फो’ला घटना लागते, बदल लागतो. नुसती स्थिती सांगायची असेल तर ‘हा’ हे क्रियापद: मला ताप आला, या फिक फेबेर, मला ताप आहे, या हार फेबेर. आम्हाला मूल झालं, वी फिक बाण. आम्हाला मुलं आहेत, वी हार बाण. दुसरी मर्यादा अशी की पुढे नाम हवं. पुढे विशेषण येत असेल तर ‘ब्ली’ (होणे) लागतं. मला भूक लागली म्हणजे या ब्लेव हुंग्रि, कारण ‘हुंग्रि’ म्हणजे भुकेला, ते विशेषण आहे. आणि आवड किंवा येणं-जमणं असेल तर स्वीडिश माणूस सरळ कर्ता होतो: मला कॉफी आवडते, या यिल्लार काफ्फे, मला स्वीडिश येतं, या कान स्वेन्स्का. ‘या फोर स्वेन्स्का’ असं कोणी म्हणालं तर समोरच्याला फार तर एवढं कळेल की शाळेत कुठल्या तरी तासाला स्वीडिश विषय मिळालाय.

स्वीडिश मुलांचं एक जुनं वाक्य इथे सांगायलाच हवं. मेंढी या अर्थाचं नामही ‘फोर’ असंच आहे, त्यामुळे मुलं एकमेकांना विचारतात: ‘फोर फोर फोर?’ उत्तर: ‘नेय, फोर फोर इंते फोर, फोर फोर लम्म.’ मेंढ्यांना मेंढ्या होतात का? नाही, मेंढ्यांना मेंढ्या होत नाहीत, मेंढ्यांना कोकरं होतात. मधलं प्रत्येक क्रियापद हे आपलं ‘मूल होणे’वालं ‘फो’. हे वाक्य समजून म्हणता आलं की नामाबरोबरचा ‘फो’ पक्का झाला. ‘थोडे’ या अर्थाचंही एक वेगळं ‘फो’ आहे, ‘फो मेन्निश्कूर’ म्हणजे थोडीच माणसं. त्याचा या क्रियापदाशी संबंध नाही.

‘फो’च्या पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात आलं, तर मूळ प्रश्नाच्या गाभ्याशी आपण पोचतो. इथे मध्ये ‘अत’ (इंग्रजी ‘टू’सारखा जोडशब्द) घालायचं नाही. फोर या कोम्मा इन? मी आत येऊ का? दू फोर वेन्ता, तुम्हाला थांबावं लागेल. पहिल्यात मुभा, दुसऱ्यात सक्ती, आणि रचना हुबेहूब एक.

‘दू फोर योब्बा हेमिफ्रोन’ हे वाक्य एकटं कागदावर ठेवलं तर स्वीडिश माणूसही छातीठोकपणे एकच अर्थ सांगणार नाही. पण प्रत्यक्ष बोलताना ते एकटं क्वचितच येतं. ‘दू फोर येणा योब्बा हेमिफ्रोन’ असं असेल तर: खुशाल घरून काम करा. ‘येणा’ हा शब्द लिहिताना ‘र’सकट लिहितात, आणि आपल्या ‘खुशाल’च्या तो फार जवळ आहे. ‘दो फोर दू योब्बा हेमिफ्रोन’, म्हणजे सुरुवातीला ‘दो’, तर: मग तुम्हाला घरून काम करावं लागेल. ‘दू फोर वेल योब्बा हेमिफ्रोन’ म्हणजे घरूनच करावं लागेल, दुसरं काय करणार. आणि ‘फोर’वरच जोर दिला, तर: परवानगी आहे, हवं तर करा, पण बंधन नाही. बाकी संदर्भ सांगतो. आदल्या दिवशी तुम्हीच विचारलं असेल तर ती मुभा आहे. कार्यालयात रंगकाम चाललं असेल तर तसंच करावं लागणार आहे. तरीही शंका उरली तर बेधडक विचारा: ‘मोस्ते या दे, एल्लेर फोर या ओम या विल?’ करायलाच हवं, की मला वाटलं तर करू? असं विचारलं तर इथे कोणाला राग येत नाही.

सक्तीसाठी ‘मोस्ते’ हा स्पष्ट शब्द असताना वरिष्ठ ‘फोर’ का म्हणतात? माझ्या मते यात स्वीडिश कामाच्या जागेची सगळी रीत आहे. ‘मोस्ते’मध्ये हुकूम ऐकू येतो. ‘फोर’मध्ये बोलणारा बाजूला होतो आणि परिस्थिती पुढे येते. आपण ‘थांब’ न म्हणता ‘थांबावं लागेल’ म्हणतो, तेव्हा नेमकं हेच करतो. सक्तीचा हा अर्थ जुना आणि पक्का आहे, याची साक्ष म्हणींत मिळते. ‘सोम मान बेद्दार फोर मान लिग्गा’: जसं अंथराल तसं निजावं लागेल, आपलं करावे तसे भरावे. ‘देन सोम एर मेद इ लेकेन फोर लेकेन तोला’: खेळात उतरलात तर खेळ सोसावा लागेल, आपण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भिऊ नये म्हणतो. आणि परक्या ठिकाणी आलेल्याला हमखास ऐकवली जाणारी, ‘मान फोर ता सेदेन दीत मान कोम्मेर’: जिथे जावं तिथली रीत स्वीकारावी लागते.

भूतकाळात दुभाष्याची कसोटी लागते. ‘हून फिक गो हेम तीदिगारे’: तिला लवकर घरी जायला मिळालं, की तिला लवकर घरी जावं लागलं? स्वीडिशमध्ये हे उघडं ठेवता येतं, मराठीत ठेवता येत नाही. ‘मिळालं’ की ‘लागलं’ ते निवडावंच लागतं. ‘फो लोव अत’ असा लांब प्रकारही आहे, आणि तोही दोन्हीकडे वळतो. डॉक्टरांसमोर किंवा एखाद्या सरकारी कचेरीत दुभाषी म्हणून बसले असताना असं वाक्य आलं की मी अंदाज करत नाही, थांबवून विचारते. नोकरी सोडल्याच्या हकिकतीत तर यावर बरंच काही अवलंबून असतं: ‘हान फिक स्लूता’ हे बहुतेक वेळा त्याला नोकरी सोडावी लागली, म्हणजे काढून टाकलं, हे सौम्यपणे सांगण्यासाठी येतं.

नकारात मात्र संदिग्धता उरत नाही, आणि मराठी माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. ‘दू फोर इंते कोम्मा’ म्हणजे यायला मनाई आहे. ‘तुला यावं लागणार नाही’ असं म्हणायचं असेल तर ‘दू बेहोवेर इंते कोम्मा’, यायची गरज नाही. ‘लागणे’ म्हणजे ‘फो’, मग ‘लागणार नाही’ म्हणजे ‘फोर इंते’, असा हिशेब आपण मनात करतो आणि ज्याची सोय बघायची त्यालाच येऊ नकोस म्हणून सांगून बसतो. दुसऱ्या क्रियापदाच्या आधी ‘फोर इंते’ आलं की सक्तीचा अर्थ गळून पडतो, उरते ती मनाई. कायद्यातही ‘फोर इंते’ याच अर्थी येतं. स्वीडननं १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली. असं करणारा तो जगातला पहिला देश. आज त्या कलमात मुलांविषयी शब्द आहेत ‘फोर इंते उत्सेत्तास फर क्रोप्स्लिग बेस्त्राफ्निंग’, त्यांना शारीरिक शिक्षा करता येणार नाही. पालक म्हणून इथे राहणाऱ्या प्रत्येकाला ते ‘फोर इंते’ नीट कळलेलं असावं. आपल्या पद्धतीनं ‘शक्यतो करू नये’ असं त्याचं सौम्य भाषांतर करणं धोक्याचं आहे.

‘मोस्ते’ आणि ‘फो’ एकाच वाक्यात हवे असतील तर सरकारी दारूच्या दुकानाचा नियम घ्या: मान मोस्ते वारा २० ओर फर अत फो हान्दला पो सिस्तेमबोलागेत. सिस्तेमबोलागेतमध्ये खरेदीची परवानगी मिळण्यासाठी वय २० असायलाच हवं. शब्दक्रमाची एक गोष्ट याच ओघात सांगते. मुख्य वाक्यात ‘इंते’ क्रियापदानंतर येतं, या फिक इंते कोम्मा. गौण वाक्यात आधी, एफ्तेशोम या इंते फिक कोम्मा, मला येऊ दिलं नाही म्हणून.

‘से’ (बघणे), ‘होरा’ (ऐकणे), ‘वेता’ (माहीत असणे) ही क्रियापदं पुढे आली की परवानगीही नाही आणि सक्तीही नाही. या फिक वेता, मला कळलं. या फिक होरा, माझ्या कानावर आलं. या फिक से एन एल्य, मला एक मूस दिसलं, आणि ते मूस म्हणजे इकडच्या जंगलातलं घोड्याहून उंच हरीण. ‘या विस्ते’ म्हणजे मला माहीतच होतं; ‘या फिक वेता’ म्हणजे त्या क्षणी कळलं. आपल्या ‘बघायला मिळालं’, ‘ऐकायला मिळालं’ या रचना इथे चपखल बसतात. इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतूनच विचार करा म्हणते, ते यासाठी.

पुढच्या दोन रचनांत ‘वाट्याला येणे’ थोडं ताणावं लागतं, तरी धागा तुटत नाही. कर्त्याच्या पदरात इथे परिणाम पडतो. पहिली: हून फिक मेय अत स्क्रात्ता, तिनं मला हसवलं. मध्ये माणूस आला की ‘अत’ लागतोच. इथे नव्यानं आलेल्या प्रत्येक भारतीयाला ऐकावा लागणारा प्रश्न याच साच्यातला: ‘वाद फिक देय अत फ्ल्युत्ता तिल स्वेरिये?’ कशामुळे स्वीडनला यावंसं वाटलं? यात जबरदस्ती नाही. तिच्यासाठी ‘त्विंगा’ हे वेगळं क्रियापद आहे. दुसरी रचना म्हणजे आपलं ‘करून घेणे’: या स्का फो बीलेन लागाद, गाडी दुरुस्त करून घेणार आहे. शेवटचा शब्द वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, बीलेन लागाद पण हूसेत मोलात (घर रंगवून), स्कूणा लागादे (बूट दुरुस्त करून). आणि हाच साचा नको असलेल्या गोष्टीलाही चालतो: या फिक स्यूकेल्न स्तूलेन, माझी सायकल चोरीला गेली. आपण होऊन करून घेतलेलं आणि नशिबानं ओढवलेलं, दोन्ही एकाच साच्यात; ‘फो’ला त्यात फरक करायची गरज वाटत नाही.

मागे छोटा शब्द जोडून झालेली क्रियापदं पुष्कळ आहेत. जोर त्या छोट्या शब्दावर देतात आणि अर्थ बहुधा ‘खटपटीनं जमणे’ असा असतो. फो उप म्हणजे उघडता येणं, फो बोट म्हणजे डाग वगैरे घालवता येणं, फो इ सेय म्हणजे घशाखाली उतरणं, फो ताग पो म्हणजे हाती लागणं. इथे मनाईचा नियम लागू होत नाही हे ध्यानात असू द्या: ‘या फोर इंते उप दोर्रेन’ म्हणजे दार उघडायची मला बंदी नाही, मला ते उघडत नाहीये. ‘फो फर सेय’ हे मला फार आवडतं: हान फिक फर सेय अत... म्हणजे त्याच्या डोक्यानं घेतलं की... काही जोड्या मात्र जशाच्या तशा लक्षात ठेवाव्या लागतात. ‘फो स्पार्केन’ म्हणजे शब्दशः लाथ मिळणं, अर्थ नोकरीवरून हकालपट्टी. ‘फो कोर्येन’ म्हणजे टोपली मिळणं. ज्याला प्रेमात किंवा लग्नाच्या मागणीत नकार मिळतो त्याच्याबद्दल हे म्हणतात.

रोजच्या शिष्टाचारातही ‘फो’ लागतो. दुकानदार विचारतो, ‘वाद फोर दे वारा?’, काय हवं? तुम्ही म्हणा, ‘कान या फो एन काफ्फे, ताक?’ बिल मागताना, ‘कान या फो नूतान?’ ‘मला पाहिजे’चं सरळ भाषांतर करून ‘या विल हा’ म्हणालात तर समजेल, पण कानाला रोखठोक लागेल. आणि कोणाकडे जेवायला गेलात तर निघताना म्हणायचं वाक्य आहे ‘ताक फर अत या फिक कोम्मा’, मला येऊ दिलंत त्याबद्दल आभार. दोघं गेला असाल तर ‘वी फिक’. पुढच्या भेटीत त्याच जेवणाबद्दल पुन्हा आभार मानायचे असतात, पण तेव्हा नुसतं ‘ताक फर सेनास्त’ म्हणतात, तिथे ‘फो’ लागत नाही.